टिटवीच्या पोटातला पत्रा

निमंत्रण मंगळवारी आलं आणि बुधवारी सकाळपर्यंत लिडियाबाईचं ते मोबाईलवर चर्चच्या अख्ख्या महिला मंडळाला दाखवूनही झालं. ‘आयएनएस टिटवी’ ही गस्तीनौका सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होणार, महिनाअखेरीला मुंबईत सूर्यास्ताला तिचा झेंडा शेवटचा उतरणार, जुन्या खलाशांनी सहकुटुंब यावं. बाईनं मोरपंखी साडी इस्त्रीला टाकली. आणि नवरा म्हणतो कसा, "मी न्हाई येत."

"का? पाय मोडलाय?"

"मोटारी पडल्यात दुरुस्तीला."

"मोटारी आजच पडल्यात व्हय? सोताची सहा वर्षं त्या बोटीवर गेली, आता सोताची लेक त्या बोटीवर हाय, अन् म्हणे मोटारी!"

इसहाक उजागरेनं सायकल काढली आणि नेवासा फाट्यावरचं आपलं दुकान गाठलं. विहिरीच्या, बोअरच्या जळक्या मोटारींना तो तिथं नवी तार गुंडाळून द्यायचा. हात असा की एकदा त्यानं बांधलेली मोटार चार उन्हाळे काढायची. हे कसब नौदलातलं. पंधरा वर्षं नोकरी, त्यातली सहा टिटवीच्या इंजिनरूममध्ये. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं, संशयित होड्या अडवायच्या, वादळात सापडलेल्या मच्छीमारांना ओढून आणायचं, असं त्या बोटीचं काम. लेक आराधनाही नौदलात गेली आणि आठ महिन्यांपूर्वी नेमकी टिटवीच्याच इंजिनरूममध्ये लागली. लिडियानं गल्लीत पेढे वाटले. बापाच्या तोंडचं पाणी पळालं.

का पळालं, ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान त्याला तसं वाटायचं.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. टिटवी गस्तीवरून नुकती बंदरात आली होती. इंजिनरूमच्या तळाशी, उजव्या पंपामागं, गंजलेल्या पत्र्याला शेंगदाण्याएवढं भोक पडलेलं इसहाकला दिसलं. त्यानं लाकडी पाचर ठोकली, भोवती फळ्यांची चौकट केली आणि आत सिमेंट ओतलं. बोटीवर ही नेहमीची युक्ती. पण ती तात्पुरती. असं ठिगळ लावलं की दोषांच्या वहीत लिहायचंच, म्हणजे बोट पुढच्या वेळी गोदीत चढली की तो पत्रा कापून नवा बसवतात. लिहिलं नाही, तर सिमेंटवर पुढं करडा रंग बसतो आणि ठिगळ बोटीच्या अंगाचंच वाटायला लागतं.

इसहाकनं वही उघडली, पेन्सिल हातात घेतली, आणि वरून हाक आली: नेवाशाहून फोन, मुलगी झाली, दोघी सुखरूप! साहेबांनी तिथल्या तिथं रजा दिली. गडी जो सुटला तो एसटीतच बसला. सुट्टीतच किनाऱ्यावरच्या तळावर बदली आली, वर्षभरात नोकरीही संपली. टिटवीवर तो पुन्हा चढलाच नाही.

वही कोरी राहिल्याचं त्याला आठवलं ते लेकीच्या बाप्तिस्म्याला. पाळकांनी पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं आणि इसहाकच्या डोळ्यांपुढं ते भोक आलं. तेव्हाच कळवायचं की नाही? पण नोकरीवर डाग येईल, लोक हसतील, उद्या कळवू, परवा कळवू. दिवस गेले तशी भीतीला लाज चिकटली. त्याचा जोडीदार भागवत, जामखेडचा गडी, टिटवीवरच होता. त्याचे फोन यायचे. पहिल्या वर्षी चार-पाच, मग दर नाताळला एक. चोराच्या मनात चांदणं! हा आता ठिगळाचा जाब विचारणार, असं म्हणून इसहाक फोन उपडा ठेवायचा.

त्या बुधवारी दुपारी आराधनाचा फोन आला. "पप्पा, उद्या सकाळी निघतोय. टिटवीची शेवटची गस्त. आठ दिवस."

"इंजिनरूममधीच हायेस ना?"

"मग कुठं असणार? म्हातारी बोट लई गुणाची आहे पप्पा. तुम्ही यायलाच पाहिजे."

फोन ठेवला आणि हातातली तांब्याची तार तुटली. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. वीस वर्षांचा गंज, पाठीमागं खवळलेला समुद्र आणि त्या पत्र्यापासून हातभर अंतरावर पोटची पोर. इसहाक स्वतःशीच म्हणाला, पोरीपुढं कसली आलीय अब्रू! चल, लाव फोन.

तेवढ्यात लिडिया जेवणाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. त्याला थांबवेना. त्यानं तिच्यादेखत भागवतचा नंबर लावला. हात व्हार्निशनं चिकट, म्हणून स्पीकर चालू केला.

"भागवत, मी इसहाक."

पलीकडून आवाज आला, "कोन इसहाक? माझ्या वळखीचा एक हुता. तो मेला आसंल, वीस वर्षं फोन उचलीत न्हाई."

"शिव्या मागनं दे. आधी ऐक." आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. पंप, भोक, सिमेंट, कोरी वही, उद्या सकाळची गस्त, आराधना. "बोट थांबवाया पायजे रं. कुनाला सांगू ते सांग. मला जी शिक्षा व्हायची ती होऊ दे."

"उजव्या पंपामागचा पत्रा?"

"व्हय."

"आरं येड्या!" भागवत असा हसला की मोबाईल टेबलावर थरथरला. "सिमेंट वलं हुतं, वही उघडी, पेन्सिल त्यावर पडल्याली. मला काय डोळं न्हाईत? त्याच सांजंला मी लिवलं. दीड महिन्यानं बोट गोदीत चढली, त्यो पत्रा कापून नवा घातला, मी सोता उभा हुतो. त्याच्यामागं अजून चारदा चढली ती. तळाचा एकबी पत्रा आपल्या येळचा ऱ्हायला न्हाई."

"मग सांगायचं न्हाई का मर्दा!"

"सांगायला तर फोन केलं! उचलला का एक तरी?"

इसहाक मोटारीच्या तेलकट खोक्यावरच बसला. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्हीपैकी एकही आवरेना. वीस वर्षं! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लिडियानं डबा आदळला. "म्हणजे दर नाताळला फोन वाजला की तुमचं तोंड उतरायचं ते ह्यापायी? अन् मी येडी, मला वाटायचं मुंबईला कोनी बाई ठेवलीय!"

"वैनी, ह्याला कोन बाई ठिवून घेतीय?" भागवत म्हणाला. "ह्याला तुमीच सांभाळा."

लिडियाला हसू फुटलं. डोळे पुसत तिनं लेकीला निरोप लिहायला घेतला: पप्पा येणार, दोन जागा धर. मग थोडं थांबून तिनं ‘दोन’ खोडून ‘चार’ केलं, कारण भागवत आणि त्याची बायको आपल्यासोबत बसायला नकोत का?

इसहाकला आता कसलीही घाई नव्हती. लेक उद्या बिनघोर जाईल, आठ दिवसांनी बिनघोर येईल. पण छातीवरचा धोंडा उतरला तेव्हा त्याखाली काय दबलं होतं ते त्याला दिसलं. एका खोलीत, एका ताटात जेवलेला जोडीदार त्यानं हातानं घालवला होता. आणि तो गडी दर नाताळला दार वाजवतच राहिला होता.

"भागवत, घरी कोनकोन असतं आता?"

"थोरल्याचं लगीन झालं, तुला पत्रिका धाडली हुती. नात झाली, तवाबी फोन केल्ता. आई गेली, तवाबी केल्ता."

इसहाकनं मोबाईल जवळ ओढला. बाहेर एक गिऱ्हाईक मोटारीसाठी हाका मारत होतं. लिडियानं उठून त्याला उद्या यायला सांगितलं.

"चुकलो रं मी," इसहाक म्हणाला. "आता सांग समदं. आईपासनं सांग."