‘सगळं ठीक’ ऐकणारी खुर्ची

मी चाकांची खुर्ची. बोलतेय म्हणून दचकू नका, इतकी वर्षं गप्प बसले तेच पुष्कळ झालं. आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने मी संशयी आहे. कुणी ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं की माझे स्क्रू आपोआप आवळले जातात.

जन्मापासून अशी नव्हते हो. कारखान्यातून निघाले तेव्हा चकचकीत होते आणि तितकीच भोळी होते. पहिल्या घरी एक आजोबा माझ्यावर बसायचे. एकदा अंगणातल्या उतारावर मुलाने मला सुनेच्या हाती सोपवलं आणि जाता जाता म्हणाला, “ब्रेक लावलाय.” सुनेने मान डोलावली आणि फोन कानाला लावला. ब्रेक काही लावलेला नव्हता. मी आजोबांना घेऊन थेट कुंड्यांमध्ये. त्यांना फारसं लागलं नाही, पण घरात ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला वाटलं लावलाय’ हे बरेच दिवस चाललं. तेव्हापासून एकाने दुसऱ्याला सांगितलेल्या गोष्टीवरचा माझा विश्वासच उडाला.

आजोबा गेल्यावर मी या घरी आले. स्वतःचं स्वतः करता येत नाही अशी काही माणसं इथे राहतात आणि त्यांचे मदतनीस ड्युटीप्रमाणे येतात-जातात. माझ्यावर ताई बसतात. वय चाळिशीच्या पुढे. त्यांना बोलता येत नाही, पण कळतं सगळं. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी चालतात. खिडकीशी बसून समोरच्या शिंप्याचं दुकान बघणं हा त्यांचा शौक. कुणाचे कपडे झाले नाहीत आणि शिंप्याने आज काय थाप मारली, ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखतात आणि पोटभर हसतात.

मध्यंतरी त्यांना शांत राहायची गोळी चालू होती. मान छातीवर पडलेली, लाळ गळतेय, शिंपी समोर असून नसल्यासारखा. त्या दिवसांत त्या एकदाही हसल्या नाहीत. मी ते विसरलेले नाही.

आता इथली पद्धत ऐका. सकाळच्या काकू निघताना दुपारच्या दादांना दिवसभराचं सांगायच्या. कुठे, तर दाराशी, माझ्या मागे उभ्या राहून. एक पाय चपलेत, एक हात माझ्या मुठीवर. “जेवण झालं, औषध दिलं, बाकी सगळं ठीक.” ताईंच्या डोक्यावरून बोलणं इकडून तिकडे जायचं. ताई पुढ्यात बसलेल्या, त्यांचं तोंड भिंतीकडे. त्यांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

एका सकाळी माझ्या उशीवर चहा सांडला. काकूंनी खोळ धुतली, वाळवली, उशी तिच्यात घातली आणि घाईघाईत उलटी, मागची बाजू पुढे करून ठेवली. ही साधी उशी नव्हे. तिला मांड्यांसाठी पुढे दोन खळगे आहेत आणि त्यांच्यामध्ये उंचवटा, मागची बाजू सपाट. उलटी ठेवली की नेमका माकडहाडाखाली तो उंचवटा येतो. मला कळलं, पण मला विचारतंय कोण?

ताई चुळबुळ करू लागल्या. संध्याकाळी त्यांनी दादांच्या हातातला पेला ढकलला. दादांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, “ताई जरा चिडचिड करतायत.” तेच दोन दिवसांनी “ताई हल्ली फार चिडतात” झालं. आणि मग मागून काकूंचा आवाज आला, “ताई आता हात उगारतात म्हणे. गुरुवारी डॉक्टर येतील तेव्हा ती गोळी परत चालू करायला सांगू.”

ताईंची बोटं माझ्या दांड्यावर घट्ट झाली. त्यांनी ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात एक नवी मदतनीस, चष्मेवाली, कामावर आली. मला ती पहिल्यापासून खटकली. उगाच गोड बोलायची, इकडेतिकडे बघायची, आणि एकदा तर गुडघ्यावर बसून माझ्या खाली डोकावली. म्हटलं, हिला काय हवंय? माझी चाकं सोडवून विकायचा बेत दिसतो. आल्या आल्या दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसणारी माणसं मला आवडत नाहीत.

बुधवारी ती दाराशी काकूंना आणि दादांना विचारत होती, “हात उगारतात म्हणजे काय करतात नेमकं? तुम्ही बघितलंत?”

“मला दादांनी सांगितलं,” काकू म्हणाल्या.

“मी कुठे? मी पेल्याचं म्हणालो होतो,” दादा म्हणाले. “उगारतात हे तुम्हीच म्हणालात.”

चष्मेवाली मागून निघाली आणि समोर येऊन ताईंपुढे चक्क फरशीवर बसली.

“ताई, दुखतंय का कुठे?”

ताईंनी इतक्या जोरात वर बघितलं की मान मागे टेकली.

“हात? पोट?” डोळे मिटले. “बसायला त्रास होतोय?” डोळे वर, आणि त्यांतून पाणी.

तिघांनी मिळून त्यांना पलंगावर घेतलं. माकडहाडापाशी कातडी लालभडक झाली होती, आणखी चार दिवसांत फाटली असती. माझ्यावरची उशी उलटी दिसली तशी काकूंनी ती आधी सुलट केली. “माझ्याच हातून झालं हो हे,” म्हणाल्या आणि ताईंच्या पायाला हात लावून रडल्या. गुरुवारी डॉक्टरांनी मलम दिलं. गोळीचं नाव कुणी काढलं नाही.

तेव्हापासून ड्युटी बदलताना दोघांनी ताईंच्या समोर स्टुलांवर बसायचं असं ठरलं. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगायचं, आणि उठण्याआधी ताईंना विचारायचं, “काही राहिलं का?” छान आहे. पण माझा संशय काही गेला नाही. घाई झाली की माणसं मूळ पदावर येतात, हे मी कुंड्यांपासून शिकलेय.

आणि झालंच तसं. काल खुद्द चष्मेवालीला घाई होती. दाराशी, माझ्या मागे, एक पाय चपलेत. “दादा, सगळं ठीक आहे हं, मी पळते.”

दादांनी मला ढकललं. मी हलले नाही. पुन्हा ढकललं. वाकून बघतात तर ताईंची डावी बोटं माझ्या ब्रेकवर, आणि ब्रेक पक्का लावलेला.

चष्मेवालीने चप्पल काढली. दोघं समोर येऊन बसले. “चुकलं, ताई,” ती म्हणाली. “काही राहिलं का?”

ताईंनी वर बघितलं. मग दोघं एकेक विचारत बसले.

मी आता जुनी झालेय, चाकं कुरकुरतात, उद्या भंगारात जाईन. तोवर तुम्हाला एवढंच सांगणं आहे. सगळं ठीक आहे की नाही ते एकमेकांना विचारू नका. समोर या, खाली बसा, आणि जी माझ्यावर बसलीय तिला विचारा. तिने हो म्हटल्याशिवाय मी जागची हलणार नाही.