विहिरीला कुलूप

गोजरबाई पाचोडहून भाचीचं लग्न उरकून रात्री परतली, सकाळी घागर घेऊन विहिरीवर गेली आणि जागीच थिजली. पोरंटोरं आत पडू नयेत म्हणून वस्तीनं विहिरीवर जाळी बसवली होती. त्या जाळीच्या दाराला कुलूप! नवं कोरं, हाताच्या पंजाएवढं.

"अगं बया! कुणाचा मुडदा बशिवला हितं?" ती ओरडली, तसं अख्ख्या गल्लीला कळलं की म्हातारी आली.

आता ही विहीर म्हणजे काय चीज होती, ते ऐका. बीड बायपासच्या आतल्या अंगाला ही वस्ती. अर्धी घरं बौद्धांची, अर्धी मुसलमानांची. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आलं तर आलं. पुढारी पाच वर्षांतून एकदा, तो मात्र न चुकता. विहीर कचऱ्यानं काठोकाठ भरलेली. अर्ज देऊन देऊन लोकांच्या चपला झिजल्या. शेवटी गोजरबाई आणि तिची शेजारीण नजमुन्निसा कंबरेला पदर खोचून उतरल्या आणि लाजेकाजेनं गडीमाणसंही मागोमाग आली. महिनोन्‌महिने घाण उपसली तेव्हा कुठं झरा फुटला. ना कुणाचा निधी, ना कुणाच्या नावाची पाटी. लिंबाखाली सगळ्यांनी बसायचं, बोलायचं, आणि सगळ्यांचे हात वर झाले तरच ठरवायचं, असा तिथला कायदा.

पहिल्याच बैठकीत गोजरबाईनं एकच गोष्ट मागितली होती. "या विहिरीला कुलूप लागणार नाय. कव्हाच नाय." का, ते साऱ्यांना ठाऊक होतं. तिच्या गावी तिची आई रिकामी घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी घालायचं. तहान लागली तर ओंजळ तोंडाला लावायची आणि वरून धार. लहानगी गोजर आईचं लुगडं धरून ते बघायची. बैठकीत सगळ्यांनी हात वर केले. पहिला हात तिच्या लेकाचा, अभयचा. दर वीस मार्चला विहारात चवदार तळ्यावर भाषण ठोकणारा तिचा अभय!

मग कुलूप लावलं कुणी? गोजरबाईच्या डोक्यात लगेच उजेड पडला. गोकुळभाऊ! महापालिकेच्या निवडणुकीला उभा होता. ती लग्नाला जायच्या आधी आला होता, म्हणाला, "विहीर माझ्याकडं द्या, मोटर बसवतो, टाकी बांधतो, फक्त पाटी माझी." गोजरबाईनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, "तुमची पाटी तुमच्याच दारावर ठोका." त्याचाच हा वचपा. दुसरं कोण?

"चला गं!" तिनं बाया गोळा केल्या.

नजमुन्निसानं तिचा दंड धरला. "गोजर, सुन तो सही गे, पैले मेरी बात..."

"नंतर सांग! आधी त्याची जिरवू."

एकदा डोकं फिरलं की ती बाई कुणाच्या बापाचं ऐकत नसे. गेली तरातरा. गोकुळभाऊच्या कार्यालयात खुर्च्या मांडून कार्यकर्ते चहा पीत बसले होते. गोजरबाईनं तिथं उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मागं उभ्या असलेल्या बाया मात्र मुक्याच. ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

गोकुळभाऊनं सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसला. "मावशी, आईची शपथ, म्या नाय लावलं. तुमच्या अभयला इचारा. काल माझ्या पोरांनी त्याला लावताना पाह्यलं. चावी त्याच्याच कमरंला हाय."

"खोटं!" म्हणून ती मागं वळली. बायांनी माना खाली घातल्या. नजमुन्निसाच्या डोळ्यांत पाणी. गोजरबाई तडक विहिरीकडं निघाली.

विहिरीपाशी परत आली तर दार उघडलेलं. कंबरेला चावी लटकवलेला अभय बादलीनं पाणी शेंदत होता, वस्तीतल्या बाया रांगेनं भरून नेत होत्या. आणि पलीकडं, लिंबाच्याही पलीकडं, हंडे घेऊन दुसरेच लोक उभे. वैजापूरकडून आलेले, बाजूच्या बिल्डिंगीवर काम करणारे, पत्र्याच्या खोल्यांत राहणारे. त्यांच्यातली मुक्ताबाई हंडा घेऊन दोन पावलं पुढं आली.

"लांब थांबा तिकडं," अभय म्हणाला. "आमचं झालं की बघू."

हेच शब्द. गोजरबाईच्या आईला ऐकावे लागायचे, अगदी हेच.

"अभ्या, कुलूप तू लावलं?"

"आई, बैठक घेतली. तू नव्हतीस. सगळ्यांनी हात वर केले." त्यानं नजर चुकवली. "पाणी खाली चाललंय. हे लोक हंड्यावर हंडे नेतेत. आपून गाळ काढत होतो तव्हा हे कुठं होते?"

"गावच्या विहिरीचा गाळ तुझ्या आजीनं काढला व्हता," गोजरबाई म्हणाली. "तरीबी तिला लांबच उभं केलं."

अभयनं बादली पुन्हा विहिरीत सोडली.

गोजरबाई घागर घेऊन, रांगेत न लागता सरळ लिंबापलीकडं गेली, मुक्ताबाईच्या मागं उभी राहिली. घागर खाली ठेवली, वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाला लावली.

"तहान लागलीय, अभ्या. घाल वरून. लांबूनच घाल, शिवू नको."

"आई, असं काय करतीस! पुढं ये."

"घाल म्हणते ना!"

नजमुन्निसाही पलीकडं गेली. "बैठक में मेरे मूँ से 'नक्को' निकला नै गे, माफ कर," म्हणाली, आणि तिच्या शेजारी तशीच ओंजळ धरून वाकली. अभय भरली बादली घेऊन दोघींसमोर येऊन उभा राहिला. हात वर नेला, पण बादली काही कलंडेना. पाणी त्याच्याच पायांवर हिंदकळत राहिलं. मग त्यानं बादली खाली ठेवली, चावी काढून आईच्या घागरीशेजारी टाकली आणि दोर मुक्ताबाईच्या हातात दिला.

"तुमीच शेंदा," म्हणाला.

मुक्ताबाईला बिचारीला काय चाललंय ते नीट उमगलंच नाही. तिनं विहिरीवर जाऊन भराभरा बादली शेंदली, हंडा तसाच रिकामा ठेवला आणि आधी ओंजळ धरलेल्या म्हातारीकडं आली. गोजरबाईचे हात आपल्या हातांनी खालून घट्ट धरले, बादलीत बुडवले.

"पी, मावशे. सावकाश पी."

गोजरबाईनं एक घोट घेतला आणि तिला रडू आवरेना.