सोयरे नसलेला रस्ता

मला काळवीट पाहायचा होता. गोष्ट एवढीच, पण ती चार माणसांत बोलायची मला लाज वाटत होती. सत्तरीला टेकलेल्या माणसाला हरणं पाहायची हौस आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? शाळेच्या ग्रंथालयात माझं आयुष्य गेलं. काळविटाबद्दल हाती आलं ते सगळं मी वाचलं आहे. कारंजा-सोहोळचं अभयारण्य आमच्या जऊळक्यापासून काही परदेशाइतकं लांब नाही. पहाटे मोटरसायकलवर निघालं तर ऊन कोवळं असतानाच माणूस तिथे पोचतो. पण मला गाडी चालवता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांना 'मला तिकडे न्या' म्हणायचा धीर माझ्यात नव्हता.

संधी आपणहून आली ती शालिग्रामच्या गॅरेजात. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बाहेरच्या बाकावर आम्ही संध्याकाळी बसतो. आम्ही म्हणजे मी, माझा शेजारी जगदेव आणि रतनसिंग. जगदेव शेतकरी. रतनसिंगने जन्मभर एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर हौसेने बुलेट घेतली. मूळचा तो मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरचा, आता घर बांधून आमच्यातलाच झाला आहे. शालिग्राम काम करता करता मोबाईलवर लडाखला जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यांचे व्हिडिओ लावून ठेवतो. एका संध्याकाळी त्याने हात पुसले आणि जाहीर केलं की आपणही असंच जायचं. लडाखला नाही. कारंजा, मानोरा असं फिरून संध्याकाळी घरी. सोयाबीन घरात आलं होतं, तूर अजून उभी होती. हात जरा मोकळे होते. सगळे लगेच हो म्हणाले. मी जगदेवच्या स्प्लेंडरवर मागे बसणार हे कोणी विचारलंसुद्धा नाही, इतकं ते ठरलेलं होतं.

कारंजा म्हटल्याबरोबर मला काळवीटच दिसला. पण थंडीत स्वेटर लागेल, एवढंच मी बोललो.

अडचण निघाली ती सोयऱ्यांची. आमच्याकडे सोयऱ्याच्या गावावरून गाडी गेली आणि त्याच्या दारी थांबली नाही, तर ते पुढे कितीतरी वर्षं ऐकावं लागतं, तेही कुठल्या तरी लग्नात, सगळ्यांदेखत. शेलूबाजारला जगदेवची थोरली बहीण सोजरबाई. कारंज्यात शालिग्रामची सासुरवाडी. मंगरूळपीरला त्याचे व्याही. मानोऱ्याजवळ तांड्यावर रतनसिंगची बहीण कमलीबाई, जिच्या हातून जेवल्याशिवाय त्या बाजूला जाणं म्हणजे भांडणच. दोन-तीन संध्याकाळी बोलणं झालं तेव्हा आमच्या सहलीत चहा, पोहे, जेवण, चहा आणि पुन्हा जेवण एवढंच उरलं होतं. रस्ता कुठेच नव्हता.

"हे फिरणं नोहे राजेहो," रतनसिंग म्हणाला, "हे पाहुणकी हाय."

मग ठरलं की असा रस्ता काढायचा ज्यावर कोणाचाच सोयरा नसेल. म्हणजे कोणाला राग नको आणि गाडीवरून उतरणंही नको. ते काम माझ्याकडे आलं, कारण नकाशा पाहणारा माणूस मीच. मी रात्रीच्या जेवणाआधी जिल्ह्याचा नकाशा पसरून बसायचो आणि दुसऱ्या संध्याकाळी एकेक गाव वाचून दाखवायचो. प्रत्येक गावाला कोणी ना कोणी हात वर करायचं. तिथे माझी चुलतसासू. तिथे साडभाऊ. तिथे कोणी नाही, पण पुतणीचं स्थळ पाहून नाही म्हटलं होतं, त्या वेशीवरून नको. शेवटी एक तुकडा असा निघाला की तिघेही गप्प राहिले. सोहोळच्या बाजूचं माळरान. तिथे सोयरे नव्हते, कारण तिथे माणसंच राहत नव्हती.

मी मुद्दाम तिथे नेलं होतं का? थोडं नेलं असेन. पण गावं गाळत गेल्यावर उरलं तेच, हेही खरं. मी चोरासारखा खूश झालो.

"रस्ता मोकळा आहे, दोन्ही बाजूंना नुसतं गवत," मी एवढंच सांगितलं.

जगदेवला गवत पाहायला कशाला जायचं ते कळेना. रतनसिंगला मात्र मोकळा रस्ता पसंत पडला. पहाटे अंधारातच निघायचं, हा हट्ट मी धरला तेव्हा कारण विचारलं गेलं. ऊन लागतं, असं मी म्हणालो. डिसेंबरच्या थंडीत ऊन लागतं म्हटल्यावर शालिग्राम पाना खाली ठेवून हसला. म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून त्यांनी ते मान्य करून टाकलं.

आदल्या दिवशी दुपारी जगदेव घरी आला आणि दारातच उभा राहिला. त्यावरूनच मी समजलो.

"सर, शेलूच्या बाईले समजलं," तो म्हणाला. "आमच्या घरच्यांनंच फोनवर सांगून टाकलं. म्हणते, माह्या गावाले वळसा घालून जाऊन राह्यले, मी मेली काय? आता शेलूबाजारले गेल्याबिगर सुटका नाही. पण चहा पिऊन निघू लगेच."

मी बरं म्हणालो. सोजरबाईंच्या घरचा चहा मी पूर्वी प्यायलो आहे. तो दुपारी संपतो.

जगदेव गेल्यावर मी नकाशाची घडी केली आणि उगाच कपाट आवरायला लागलो. माझी बायको वैजयंती भाजी निवडता निवडता सगळं ऐकत होती. काळविटाचं फक्त तिला माहीत होतं.

"तुमी त्याईले सांगतलं काय, कायले जाचं हाय ते?" तिने विचारलं.

नाही, मी म्हणालो.

"मंग त्याईले काय सपन पडणार हाय?"

मी म्हणालो की ते हसतील. ती म्हणाली, हसू द्या, हसल्याने गाडीतलं पेट्रोल संपत नाही. मग ती आत गेली आणि माझा स्वेटर काढून बाहेर उन्हात टाकला, जणू काही माझं जाणं बिघडलंच नव्हतं. मला वाटलं, ही गेली असती माझ्याऐवजी तर पहिल्याच संध्याकाळी सांगून मोकळी झाली असती.

पहाटे निघालो. थंडी अशी की जगदेवच्या पाठीमागे असूनही माझे दात वाजत होते. शेलूबाजारला पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. सोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन फाटकातच उभ्या होत्या. चहा झाला. चांगला झाला होता. मग पोहे आले. मग मी अंगणात पाहिलं, तर गोवऱ्या रचून पेटवलेल्या आणि परातीत कणकेचे गोळे करून ठेवलेले. रोडगे होते. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे व्हायचे, त्यात ते भाजायचे, वांग्याची भाजी व्हायची, वरण व्हायचं. रतनसिंगने बुलेटची चावी कोनाड्यात ठेवली. जगदेवने मफलर काढून खुंटीला अडकवला. त्याचा मफलर खुंटीला लागला की तो माणूस जेवूनच उठतो.

समोरच्या घराच्या टिनांवर ऊन आलं होतं. मी ते पाहत होतो. मनात म्हणत होतो की पुन्हा कधीतरी, आणि मला पक्कं ठाऊक होतं की पुन्हा कधी नाही. एवढ्या गावांतून तो एक रस्ता निघाला होता.

मी उभा राहिलो. का उभा राहिलो म्हणून सगळे पाहू लागले, त्यामुळे बोलावंच लागलं.

"मला काळवीट पाहायचा आहे," मी म्हणालो. आवाज अंदाजापेक्षा मोठा निघाला. "सोहोळला. ऊन चढलं की ते आडोशाला जातात, मग दिसत नाहीत. म्हणून तो रस्ता काढला. म्हणून लवकर."

रतनसिंगने कोनाड्यातल्या चावीकडे पाहिलं. मग जगदेव हसला.

"हरणं? सर, माह्या तुरीत रोही घुसतात तवा या. पोटभर दाखवतो."

"रोही म्हणजे नीलगाय झाली, मी काळवीट म्हणतोय," मी म्हणालो. "मी कधी पाहिला नाही."

"दात काढू नको रे जगदेव," सोजरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मंग सर, बसले कायले तुमी इथं? उठा. रोडगे काई पळून नाही चालले. हरणं पळतात. पाहून या, मंग जेवा."

म्हणजे जेवायला परत इथेच यायचं. मग मानोऱ्याचं काय, असं शालिग्रामने विचारलं. सोयरे टाळायचं ठरलं तरी रतनसिंगने बहिणीला गुपचूप शब्द दिला होता, हे तेव्हा बाहेर आलं. परत फिरून जेवायचं तर तांडा होणार नव्हता. रतनसिंग फोन घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात गेला. बहीणभाऊ त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलले, मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण त्याने फोन कानापासून हातभर लांब धरला ते दिसलं. मी त्याच्यामागे गेलो आणि म्हणालो की राहू द्या, माझं काही एवढं नाही.

"आता गप बसा सर," तो म्हणाला. "येत्या इतवारी मी एकटाच जातो, पोटभर शिव्या खातो अन् येतो. बसा गाडीवर."

जगदेवने खुंटीवरचा मफलर काढला.

समृद्धी महामार्गाच्या पुलाखालून आम्ही गेलो. वर मोटारी सुसाट जात होत्या. दोनचाकीला वर मनाई आहे, त्यामुळे आमच्या वाट्याला खालचा, जग पाहत जायचा रस्ता होता. तुरीला पिवळा फुलोरा, मध्येच कापसाची पांढरी शेतं, हरभरा नुकता वीतभर वर आलेला. शालिग्राम एका हाताने मोबाईल धरून व्हिडिओ घ्यायला लागला तेव्हा रतनसिंगने त्याला जुन्या ड्रायव्हरच्या आवाजात दटावलं. सगळे मजेत होते. मी मात्र रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होतो. काही दिसलं नाही तर? कमलीबाईंचा राग, सोजरबाईंचा खोळंबा, तिघांचा दिवस, सगळं एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी.

माळरान लागल्यावर रतनसिंगने बुलेट बरीच अलीकडे बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही गाड्या ढकलत नेल्या आणि एका बाभळीखाली लावल्या. गवत पिवळं, दवाने वाकलेलं. आम्ही काठाशी उभे राहिलो. काहीच नव्हतं. एक टिटवी ओरडून गेली. ज्याला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही तो जगदेवही गप्प होता, आणि त्याचंच मला जास्त दडपण आलं. मी माझं पहिलं वाक्य सुरू केलं, "मला वाटतं..."

जगदेवने माझ्या दंडावर हात ठेवला आणि हनुवटीने दाखवलं.

आधी माद्या दिसल्या. गवताच्याच रंगाच्या होत्या, म्हणून इतका वेळ दिसत असूनही दिसल्या नव्हत्या. मग त्यांच्यातून तो बाहेर आला. पुस्तकांत त्याचा रंग काळा लिहिलेला असतो. तसा तो नव्हता. पाणी दिलेल्या आमच्या मातीचा रंग होता. पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. त्याने मान वर केली आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघेही सावध उभे राहिलो, तपासणीचे साहेब शाळेत आल्यावर शिक्षक उभे राहतात तसे. मग काही कारण नसताना एका मादीने उडी मारली. तिच्यामागे दुसरीने, मग सगळ्यांनी, जणू मध्ये शेताचा धुरा, म्हणजे बांध होता आणि तो फक्त त्यांनाच दिसत होता. शेवटी तो. पायांचा आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही. गवत हललं, आणि मग तेही थांबलं.

शालिग्राम दोन पावलं गवतात गेला आणि परत आला.

"आमी वावरातून हाकलतो तवा त्याईची पाठच पाहतो," जगदेव हळू म्हणाला. "तोंड आज पाह्यलं."

रतनसिंगने विचारलं की काळा एकच का होता. मी सांगितलं की नर वयात येतो तसा काळा होत जातो. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, आपलं उलटं हाय. शालिग्रामला तेव्हा आठवलं की मोबाईल खिशातच राहिला. त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं, पण तो म्हणाला, जाऊ द्या, आपण पाहिलं ना.

तेवढ्यात जगदेवचा फोन वाजला. सोजरबाई होत्या. हो, दिसले, येऊन राह्यलो, असं सांगून त्याने फोन माझ्याकडे दिला. बाई तुमच्याशी बोलते म्हणते.

"दिसले काय सर?" त्यांनी विचारलं.

"दिसले."

"कसा असते हो तो? माही सारी जिंदगी इथं शेलूत गेली. कोणी नेलंच नाही, अन् मीबी कोणाले म्हटलं नाही."

मला फोनवर बोलायला आवडत नाही. कामाचं दोन शब्दांत उरकून मी फोन ठेवतो. पण त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो की उंचीला आपल्या शेळीपेक्षा थोडासाच मोठा. मग रंगाचं सांगितलं. मग डोळ्यांचं. मग त्या उड्यांचं, आणि आवाज न होण्याचं. त्या मधूनमधून "अस्सं?" म्हणत होत्या, आणि त्या "अस्सं" नंतर मला आणखी सुचत होतं. शालिग्रामने गाडी सुरू केली. जगदेवनेही किक मारली. रतनसिंगने माझ्याकडे पाहिलं, दोघांना हाताने खूण केली, आणि दोन्ही गाड्या पुन्हा बंद झाल्या. तिघे बाभळीखाली बसले.

"जरा थांबा सर," सोजरबाई म्हणाल्या. "रोडगे पलटवून येते. मंग पुढचं सांगा."

मी फोन कानाला धरून थांबलो. शिंगांचं अजून सांगायचं राहिलं होतं.