ऑर्फाच्या दारचा रस्ता

"ऑर्फाच्या रस्त्याबद्दल कोणाला काही बोलायचंय का?" आर्लो ब्रुगमनने विचारलं आणि कारण नसताना टेबलावर हातोडा आपटला.

आर्लो आमच्या लिटल हेरन टाउनशिपचा, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीचा, अध्यक्ष. दर मार्चमध्ये जुन्या शाळेच्या खोलीत आमची वार्षिक सभा भरते आणि जो येत नाही त्याला त्याच्या माघारी निवडून देतात. आर्लो एका वर्षी दाढ दुखते म्हणून घरी बसला, तेव्हापासून तो अध्यक्ष आहे. मी लव्हॉन, इथली क्लार्क. त्या वर्षी मी बाळंतीण होते.

लिटल हेरन म्हणजे मिनेसोटातला एक चौकोन. नकाशावर त्यात एक निळं तळं आहे. प्रत्यक्षात आमच्या आजोबांनी चर खणून ते कधीच रिकामं केलं आणि तळाशी सोयाबीन पेरलं. डोंगर म्हणाल तर आर्लोच्या गोठ्यामागचा शेणाचा ढीग. खडीचे रस्ते फुटपट्टीने आखल्यासारखे सरळ. फक्त एका ठिकाणी ते एकदम बाजूला सरकतात, कारण पृथ्वी गोल आहे आणि चौकोन आखत निघालेल्या मोजणीदारांना तिथे हिशेब जुळवून घ्यावा लागला. परका माणूस त्या वळणावर सरळ जातो आणि आर्लोच्या मक्यात घुसतो. वस्ती दीडशेच्या आसपास. नक्की आकडा हिवाळ्यात विचारू नये, निम्मे लोक ॲरिझोनाला पळालेले असतात.

तर ऑर्फा लिंडक्विस्टचा रस्ता. तो तिच्या अंगणात संपतो आणि त्यावर ती एकटीच राहते. तिचा नवरा आयनार वारल्याला बरीच वर्षं झाली. एका बाईसाठी एवढा रस्ता टाउनशिपने का राखावा, असं आर्लोचं म्हणणं. ठराव असा होता की, तिथे यापुढे ग्रेडर, म्हणजे खडी सपाट करणारं मशीन, फिरवायचा नाही.

खरी मेख वेगळीच होती. ग्रेडर चालवतो हार्लन टीडन. साठी उलटलेला, अविवाहित, बोलण्यात महाकंजूष. बाकीच्यांच्या रस्त्यांवर दात खिळखिळे होतील अशा लाटा पडलेल्या असतात, आणि ऑर्फाचा रस्ता मात्र इस्त्री केल्यासारखा. पाऊस पडो न पडो, हार्लन ते अवजड धूड घेऊन तिच्या दारी जायचा, पातं खाली टाकून परतायचा, आणि मधल्या वेळात तिच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं. रस्ता बंद झाला तर त्याला तिच्याकडे जायला निमित्तच उरणार नव्हतं. स्वतःच्या गाडीतून नुसतं भेटायला जाणं त्याच्या बापजन्मात जमलं नसतं.

"हार्लन, तुला काही बोलायचंय?" आर्लोने मुद्दाम विचारलं.

हार्लन शेगडीपाशी टोपी चुरगाळत बसला होता. "हं," एवढंच म्हणाला. हो की नाही, देव जाणे. तो आणि मी याच खोलीत शिकलो, तेव्हाही तो असाच होता. बोल मेल्या, असं मी मनात शंभरदा म्हटलं.

तेवढ्यात ऑर्फाच उठली. "मला बोलायचंय. करा बंद."

"काय?" आर्लोच्या हातातलं अंड्याचं सँडविच तोंडापाशीच थांबलं.

"बंद करा म्हणते रस्ता. उगाच कशाला रोज त्या मशीनचा खडखडाट दारात? गेल्या पानगळीत मी याला सरळ विचारलं. म्हटलं, हार्लन, घर केवढं मोठं आहे, मी एकटी. इथेच राहायला ये. तर हा म्हणतो, 'नको, तुला उगाच त्रास.' थँक्सगिव्हिंगला परत विचारलं. 'छे छे, नको.' मी काय कुकुलं बाळ आहे? कळलं मला."

खोलीत कोणाचा तरी चमचा खाली पडला.

"दोनदा विचारलंस?" आर्लोचा आवाज बसला. "आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा काय डोंबल विचारायचं? तोंडावर नाही म्हणाला ना!"

सगळी सभा एका सुरात कण्हली. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा, 'बरं, अगदी थोडंसं' म्हणून दोन ताटल्या संपवायच्या. पहिल्या हाकेला हात पुढे करणारा माणूस आमच्या लेखी हावरट. हे कोणी शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं. आणि ऑर्फा आली कॅन्सस सिटीहून. तीस वर्षं आमच्यात राहिली, पण तिला हे कोणी सांगितलंच नाही, कारण असल्या गोष्टी सांगणंही आमच्यात वाईट दिसतं.

"अगं बाई, म्हणजे तो केक!" मी ओरडले.

"कुठला केक?"

"तुझ्याकडचा! दोनदा विचारून तू ताटली उचलून न्यायचीस. आम्ही सगळे तुला चिक्कू समजायचो!"

"तीस वर्षं मी तुझ्या घरून उपाशी परत आलोय," आर्लो कळवळून म्हणाला.

"तूच नको म्हणायचास!"

"दोनदाच म्हणायचो ना!"

मग आर्लोला एकदम अध्यक्षपण आठवलं. त्याने हातोडा आपटला. "ऑर्फा, आत्ताच्या आत्ता याला तिसऱ्यांदा विचार. क्लार्कबाई, लिहून घ्या."

"मुळीच नाही," ऑर्फा कडाडली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे भरून आले होते, ते मला दिसलं. "दोनदा अपमान गिळला. आता चारचौघांत तिसऱ्यांदा पदर पसरू? मलाही मान आहे."

बरोबर होतं तिचं. ती विचारणार नव्हती आणि विचारल्याशिवाय हो म्हणणं हार्लनच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. सगळ्या माना शेगडीकडे वळल्या.

हार्लन उठला. टोपी हातातल्या हातात फिरवत राहिला. "मी वाट बघत होतो," तो म्हणाला.

"कसली?"

"तू विचारायची."

"आणि मी नाहीच विचारलं तर?"

हार्लनच्या मानेवरून घाम ओघळत होता, मार्च महिन्यात.

"तरी येतो," तो म्हणाला. "तुझी हरकत नसेल तर."

न बोलावता जाणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. काहींनी तर शरमेने नजर वळवली. ऑर्फा धपकन खाली बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "ये. पण ते मशीन लांब उभं कर."

"झालं तर मग!" आर्लो खुशीत आला. "आता त्या रस्त्यावर दोन माणसं. ठराव मागे."

"नाही," हार्लन म्हणाला. "मतं घ्या. स्वतःच्या दारचा रस्ता टाउनशिपच्या डिझेलवर करायचा, हे मला नाही जमायचं. लोक काय म्हणतील?"

"लोक दहा वर्षं म्हणतायत," मी म्हटलं.

पण तो हटला नाही. आर्लोने मतं मागितली, तेव्हा त्या रस्त्याच्या विरोधात सगळ्यात आधी हार्लनचा हात वर गेला. जो रस्ता त्याने इतकी वर्षं लेकरासारखा जपला होता, तो त्यानेच सोडला. त्याच्या पाठोपाठ आमचे हात निमूट वर गेले.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि तो इस्त्रीचा रस्ता आठवड्याभरात राड झाला. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे आणि त्यांची गाडी चिखलातून तिथवर येईना, म्हणून दोघं रबरी बूट घालून चालत टपाल आणायला येऊ लागले. एक दिवस मी कोपऱ्यावर गाडी थांबवून बघत बसले. अर्ध्या वाटेत ऑर्फाचा एक बूट चिखलात रुतला. ती एका पायावर, मोजा हवेत, हार्लनला नाही नाही ते बोलत उभी होती. हार्लन गुडघे टेकून दोन्ही हातांनी बूट उपटत होता. बूट निघाला, तो त्याने आपल्या शर्टाला पुसला आणि तिच्या पायात चढवला. ती बोलायची थांबली. बूट चढला तरी तिचा हात त्याच्या टकलावर तसाच राहिला, आणि तोही चिखलातून उठायची घाई करत नव्हता.