मागच्या भिंतीवरचा पंखा

अकरा वर्षांपूर्वी साव-येंगला हातमोज्यांच्या कारखान्यातला पहिला बोनस मिळाला आणि त्याच आठवड्यात तिने आईच्या स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवला. आई विकण्यासाठी सांबाल, म्हणजे झणझणीत चटणी, करायची. वाळकी लाल मिरची, छोटे कांदे, सुकी कोळंबी आणि आंबवलेल्या कोळंबीची बेलाचानची वडी हे सगळं कढईत पडलं की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला पोस्टमनसुद्धा शिंकायचा. मलेशियातल्या त्या इपोह शहराच्या बाजारातले चार भातवाले तिच्याच बरण्यांवर नाव कमावून होते. धुराने छताचे पत्रे आतून तपकिरी झाले होते आणि आईचे डोळे बारा महिने लाल असत.

पंखा कुठे बसवायचा यावर तेव्हा थोडी बाचाबाची झाली होती. वायरमन आ-फाट म्हणाला, शेगडीच्या वरच हवा. पण शेगडीच्या वर चुलीचा देव होता. लाल-सोनेरी पाटी, पुढे उदबत्तीचं भांडं, आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच.

"देवाच्या नाकासमोर पाती फिरवायची?" आई म्हणाली. "वर्ष संपताना तो वर जाऊन घरची खबर देतो. काय सांगेल? माझी उदबत्ती ओढून गल्लीत फेकतात म्हणून?"

"अहो, त्याला पण जरा हवा लागेल," आ-फाट म्हणाला.

"तुझ्या घरच्या देवाला घाल हवा."

तोड काढली साव-येंगने. समोरची भिंत रिकामी होती. आई शेगडीशी उभी राहिली की तिच्या पाठीमागे येणारी, गल्लीकडची. तिथे बसवा, ती म्हणाली. देवही जागेवर राहिला आणि पंखाही आला. पोरगी हुशार आहे असं सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं. एखादा विचार सगळ्यांना असा एकदम पटला की माणसाने जरा भ्यावं, पण हे शहाणपण कोणालाच वेळेवर येत नाही.

पंखा उत्तम चालला. भिंती चिकट व्हायच्या थांबल्या. दर रविवारी साव-येंग स्टुलावर चढून पाती उतरवायची आणि त्यांच्यावरचं तेलाचं काळं किटण बघून खूश व्हायची. "बघ मा, एवढं सगळं तुझ्या पोटात गेलं असतं," असं ती म्हणायची. आईने गल्लीभर कौतुक केलं. वर्षभरात सहा घरांत तसाच पंखा आला, आणि प्रत्येक घरात शेगडीवर देव होताच, त्यामुळे सहाही पंखे समोरच्या भिंतीवर लागले. शेजारच्या फूंग-समकडचा तर तिच्या मुलाने सिंगापूरहून येऊन स्वतः बसवला. सम म्हणजे काकू, गल्लीतली सगळी पोरं तिला तेच म्हणत.

यंदा आईचा खोकला थांबेना. इस्पितळात फोटो काढले, सुया टोचल्या आणि डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं की फुप्फुसात गाठ आहे आणि ती दोन्हीकडे पसरली आहे.

"सिगारेट?" त्यांनी विचारलं.

आईला हसू आलं. हसताना खोकला आला.

"घरात दुसरं कोणी ओढतं?"

"देवापुढच्या उदबत्तीशिवाय कोणी नाही."

"स्वयंपाकघरात धूर असतो का?"

"धूर ओढायला पंखा आहे," साव-येंग घाईने म्हणाली. "अकरा वर्षं आहे. मीच बसवलाय." अशा ठिकाणीही माणसाला शाबासकी हवी असते.

डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं. मग त्यांनी तिला एकटीला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की किती महिने उरलेत ते मोजून सांगता येणार नाही, पण वर्षाची आशा धरू नका. जो श्वास शिल्लक आहे तो स्वच्छ असू द्या. चांगली चिमणी बसवा, नाहीतर आईला शेगडीपासून लांब ठेवा.

आईला शेगडीपासून लांब ठेवणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. म्हणून शनिवारी साव-येंग शहरातल्या एका चिमण्यांच्या दुकानात गेली. बैल गेला आणि झोपा केला, हे तिलाही कळत होतं. पण रिकाम्या हाताने घरी बसवत नव्हतं.

दुकानदार चेव पन्नाशीचा, बोलका माणूस होता. साव-येंग काचेच्या, दिवे लागणाऱ्या एका सुंदर चिमणीपाशी थांबली.

"आ-चे, ती नका बघू," तो म्हणाला. आ-चे म्हणजे ताई. "ती फोटो काढायला आहे. बाहेर नळी नाही तिला. धूर आत घेते, जाळीतून गाळते आणि परत तुमच्याच तोंडावर सोडते. अंडं उकडणाऱ्यांनी घ्यावी. तुमच्याकडे काय शिजतं?"

"सांबाल. रोज दोन-तीन कढया."

"बाप रे. मग ऐका. शेगडीपेक्षा चार बोटं जास्त रुंद घ्या. डोकं आपटणार नाही इतकी वर, पण त्याहून वर नको. धूर पसरायच्या आधी पकडला तर पकडला. आणि नळी आखूड, सरळ, भिंतीबाहेर. चार वळणं दिलीत की मोटर कितीही मोठी असो, नुसती बोंबलते."

त्याने दोन उदबत्त्या पेटवून दुकानातल्या शेगडीवर ठेवल्या आणि वरची चिमणी सुरू केली. धुराची दोरी सरळ वर गेली आणि नाहीशी झाली. साव-येंगला ते बघून बरं वाटलं. उगाच एक आशा वाटली. तिने सहज विचारलं, "आणि चिमणी नसेल, नुसता पंखा असेल तर? मागच्या भिंतीवर?"

"कोणाच्या मागच्या?"

"म्हणजे, जी स्वयंपाक करते तिच्या."

"असले पंखे मी पण विकतो," चेव म्हणाला. समोरच्या भिंतीवर वर एक होता. त्याने चिमणी बंद केली, तो पंखा लावला आणि स्वतः शेगडीसमोर आईसारखा उभा राहिला, हातात नसलेला कालथा धरून. धूर जरासा वर चढला, वाकला आणि त्याच्याकडे निघाला. शर्टाच्या गुंड्यांवरून, हनुवटीवरून, दोन्ही कानांच्या बाजूंनी मागे गेला. त्याला ठसका लागला आणि तो हसायला लागला.

"बघितलंत? शेगडी इथे, पंखा तिथे, मध्ये कोण? हा पंखा भिंती छान ठेवतो. बाईला नाही. याच्यापेक्षा काहीच नसलेलं बरं, धूर निदान चारी दिशांना जातो. हा वेचून तिच्या नाकातून नेतो." मग त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. "आ-चे? पाणी आणू का?"

ती नको म्हणाली. कारखान्यात तिचं काम हातमोज्यात पाणी भरून टाचणीएवढं भोक शोधण्याचं होतं. दिवसाला हजारो मोजे तिच्या नजरेखालून जायचे. आणि घरात अकरा वर्षं एवढी मोठी चूक भिंतीत फिरत होती, दर रविवारी ती स्टुलावर चढून पुसत होती. तिला तिथेच, त्या चकचकीत शेगड्यांमध्ये, खाली बसावंसं वाटलं. तिने चेवने दाखवली ती साधी, जाड पत्र्याची चिमणी घेतली, आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून घरापर्यंत रडली.

घरी एकच अडचण होती, देवाची. वर्षाअखेरीस देव वर जातो तेवढेच दिवस त्याची पाटी हलवता येते, आणि त्याला अजून पाच महिने होते. आई भांडेल, पंचांग काढेल, आ-फाटला केलं तसं आपल्यालाही गप्प करेल असं साव-येंगने धरलं होतं. त्या भांडणाची तिने मनात तयारीसुद्धा केली होती.

"काढ," आई म्हणाली.

"देव?"

"बाजूच्या खिडकीवर ठेव. त्याला काय, तो कुठूनही बघेल. आता उभं तुला राहायचंय तिथे."

आई भांडली असती तर बरं झालं असतं. जी बाई भांडत नाही ती निघाली आहे, हे साव-येंगला डॉक्टरांच्या सगळ्या फोटोंपेक्षा स्पष्ट कळलं.

बुधवारी माणसं आली, भिंतीला भोक पाडलं, नळी सरळ बाहेर काढली आणि चिमणी बसवून दुपारच्या आत गेली. आई दाराशी खुर्चीत बसून सगळं बघत होती. साव-येंगने मूठभर मिरच्या तेलात टाकल्या. धूर उठला आणि सरळ वर गेला. डोळ्यांना काही नाही, घशाला काही नाही. इतकं सोपं होतं ते. एक पत्र्याची पेटी आणि हातभर नळी.

तिने शेगडी बंद केली आणि आईसमोर जमिनीवर बसली. चार दिवस तिने हे गिळून ठेवलं होतं. तिला शिक्षा हवी होती. आईने शिव्या द्याव्यात, कपाळावर हात मारावा, एकदा तरी म्हणावं की तू मला मारलंस. ते ऐकल्याशिवाय तिला पुढे जगता येणार नव्हतं.

"मा, तो पंखा चुकीच्या जागी होता. धूर तुझ्या तोंडावरून जात होता. इतकी वर्षं. जागा मी सांगितली होती. ही गाठ माझ्यामुळे झाली."

आईने खुर्चीचा हात धरून श्वास जुळवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. मला काय नाक नाही? आधी धूर इकडे तिकडे जायचा, पंखा आल्यावर सगळा अंगावर यायला लागला."

"मग बंद का नाही केलास? मी दिवसभर कामावर असायचे. मला कळलंही नसतं."

"केला होता की आठ दिवस. रविवारी तू पाती काढलीस, ती स्वच्छ. तुझं तोंड एवढंसं झालं. म्हणालीस, मा, पंखा बिघडला वाटतं, ओढत नाही. दुकानदाराशी भांडायला निघाली होतीस." आई थांबली, खोकली. "पहिल्या बोनसचा होता. मग मी लावायला लागले. डोळ्यांना पाणी यायचं, तेवढंच. धुराने कोणी मरतं हे कोणाला ठाऊक होतं?"

केलेल्या चुकीसाठी शिक्षा मागता येते. हे कुठे ठेवायचं? साव-येंगच्या आनंदासाठी आईने अकरा वर्षं एक बटण दाबलं होतं, आणि तिने ते आनंदाने बघितलं होतं.

"बाकीच्यांना सांगू नकोस हं," आई म्हणाली. "फूंग-समला तर मुळीच नको. माझ्या शब्दावर बसवला तिने. आता उगाच मनाला लागेल."

"मा, ती रोज मासे तळते."

"म्हणूनच. तिच्या पोराने बसवलाय."

आईला डुलकी लागली तशी साव-येंग उठली आणि मागच्या दाराने शेजारी गेली. आईचं हे एक तरी ऐकायचं नाही असं तिने ठरवलं होतं. फूंग-सम शेगडीशी उभी होती, खारवलेला मासा आणि मिरची परतत होती, आणि तिच्या पाठीमागे पंखा घरघरत होता. धूर तिच्या गालांवरून मागे चालला होता. इतकी वर्षं हे गल्लीतल्या सहा घरांत दिसत होतं आणि साव-येंगने ते आजच पाहिलं.

तिने दारातूनच सगळं सांगितलं. डॉक्टर, दुकान, उदबत्ती, आईची गाठ. एका दमात सांगितलं, मध्ये थांबली नाही. फूंग-समचा हात चालूच होता. तिने बाहीने डोळे पुसले.

"चरचरतं, ते मला कळतं गं," ती म्हणाली. "पण रविवारी पोराचा फोन येतो. आधी पंख्याचं विचारतो. मा, चालतोय ना? चालतोय म्हटलं की त्याला किती बरं वाटतं. तिकडे एकटा असतो तो."

"मी बोलते त्याच्याशी. मी समजावून सांगते."

"काय सांगशील? माझी आई अशी झाली, तुझीही होईल?" फूंग-समने पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, उभं राहायला दाराची चौकट धरलेली. "आता तू उभी आहेस ना, तसं त्याने तिकडे एकट्याने उभं राहायचं?"

फूंग-समने कढईत आणखी मूठभर मिरच्या टाकल्या, आणि मग पाहुणी दारात उभी आहे, तिला धुराचा त्रास नको, म्हणून हात लांब करून पंखा मोठा केला.