खोलीतला कापूस मी पाहिला

साहेब, माणूस दवाखान्याच्या खाटेवर आडवा झाल्याशिवाय तुम्हाला तो आजारी वाटतच नाही. तुमची आरोग्य योजना खाट बघते, माणूस बघत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काच तडकलेली, पण कॅमेरा धड. संग्रामपूरकडच्या एका गावात आशा कार्यकर्त्या बेबीताईंच्या पिशवीतून मी घरोघर फिरायचो. तालुक्याला बसलेल्या डॉक्टर मलिहा माझ्यातून रोग्यांना तपासायच्या.

त्या गावात केसरबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिला दमा. दवाखान्यात भरती केली की बरी व्हायची, घरी आली की पुन्हा छाती वाजायची. पुन्हा भरती. योजनेनं दर वेळी मुकाट पैसे भरले. असं का होतं, हे एकानंही विचारलं नाही.

मग बेबीताईंनी मला तिच्या बाजेसमोर धरलं.

"आजी, तुमच्या मागं ते पांढरं काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कापूस व्हय माय. इंद्रभाननं भरला. भाव वाढते म्हणते."

"आढ्यापर्यंत?"

"मॅडम, बाजेवर आजी हाय का कापूस, मलेच समजत नाही!" बेबीताई म्हणाल्या.

"आधी तो बाहेर काढा. त्याची धूळ छातीत जाते."

केसरबाईंचा मुलगा इंद्रभान भडकला. "बोंडअळीच्या तोंडातून वाचवला हा बीटीचा कापूस! आता अंगणात फेकून देऊ काय?"

"मंग मलेच फेक बे अंगणात!" म्हातारी म्हणाली, हसली आणि खोकत सुटली. तो खोकला थांबेचना. इंद्रभानचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्यानं कापूस चुलत्याच्या रिकाम्या गोठ्यात हलवला. डॉक्टरांनी माझ्यातूनच केसरबाईंना दम्याचा पंप नीट ओढायला शिकवला. म्हातारी घरच्या घरी सुधारली.

आता योजनेच्या साहेबांचं ऐका. डॉक्टरांनी त्यांना फोन लावला, तेव्हा बेबीताई मला तालुक्याला घेऊन आल्या होत्या आणि मी डॉक्टरांच्या टेबलावरच होतो.

"पेशंट भरती कधी झाली?"

"झालीच नाही. घरीच बरी झाली."

"मग पैसे कशाचे मागता?"

"तपासणीचे. बेबीताईंच्या फेऱ्यांचे."

"घर योजनेत बसत नाही, मॅडम. भरती करून घ्या, लगेच मंजूर करतो."

भरती करून घ्या! धडधाकट झालेल्या बाईला! मित्रांनो, माझ्यात मेंदू नाही, नुसत्या तारा आहेत. तरी मला लाज वाटली.

पैसे नाहीत म्हणून फेऱ्या बंद झाल्या. मी तिथंच डॉक्टरांच्या कपाटात पडलो. बॅटरी फुगली. परवा बेबीताई तालुक्याला आल्या, त्यांचा आवाज कपाटात ऐकू आला.

"मॅडम, केसरआजीचे पाय सुजले. रातचं झोपताच येत नाही तिले."

"तिला इथं आणा."

"आणू कशी? एसटी फाट्यावर थांबते, आजी दारापर्यंत चालत नाही. तुम्हीच पाहत होत्या नं घरी? आता काऊन नाही?"



शाळेच्या निबंधात माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. माझी नका राखू. मला भंगारात घाला, दुसरा टॅब आणा. पण साहेब, ती म्हातारी या घडीला सुजलेले पाय घेऊन बाजेवर बसून आहे. तिला घरी जाऊन तपासायचे पैसे तुमची योजना देणार की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.