रकाना अकरा

संरक्षण खात्यात कारकुनाची जागा निघाली, मी परीक्षा दिली आणि पासही झाले. शेवटी पडताळणीच्या साहेबांनी माझा अर्ज पुढे सरकवला. "रकाना अकरा. या खात्यात नातेवाईक आहेत का? तुम्ही 'नाही' लिहिलंत. दोन आहेत."

माझं डोकंच सणकलं. "साहेब, बाबा सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्यात आहेत, आई कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते. आमच्या घरात खोटं बोललं तर जेवण मिळत नाही!"

साहेबांनी घंटा दाबली. सुरक्षा पर्यवेक्षक आत आले. त्यांच्या हातात निळा डबा होता, सकाळी मीच भरून दिलेला.

"बाबा?" मी ताडकन उठले.

"गोपनीय विभाग आहे. घरी सांगायची बंदी," बाबा खाली बघत पुटपुटले. "साहेब, पोरीला खरंच काही माहीत नाही."

मी मटकन खुर्चीत बसले. "आणि दुसरं कोण?"

"तुझी आई. पलीकडच्या फाटकातून येते, पॅराशूट शिवते." बाबांनी दाराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "मला माहीत आहे, हे तिला सांगू नकोस हं."